राक्षसांच्या अनुवादक

गेल्या महिन्यात दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या सभागृहात इंदुमती सबनीस यांची शोकसभा झाली. तीन वक्ते बोलले आणि तिघेही चुकीचे बोलले. महाराष्ट्र मंडळाचे कार्यवाह म्हणाले, की एका सुमार जपानी कार्टून मालिकेला बाईंनी आपल्या भाषेने उंची दिली. सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, की बाई गुणी पण हट्टी, एका वाक्यापायी त्यांनी नोएडाच्या स्टुडिओतले चांगले काम घालवले. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी डोळे पुसत सांगितले, की बाईंना मुलांचा भारी लळा, त्या साऱ्या बालगोपाळांची आजीच होत्या.

मी हात वर केला. अध्यक्ष हळूच म्हणाले, "मोकाशीसाहेब, शोकसभेत चर्चा नसते."

नसेल. म्हणूनच हे लिहावे लागत आहे. बाईंना मुलांचा लळा वगैरे काही नव्हता. जिन्यात चेंडू आपटणाऱ्या मुलांना त्या ज्या स्वरात हाकलत, तो स्वर मी दुसऱ्या मजल्यावर बसून ऐकलेला आहे. बाकीच्या दोन विधानांचा समाचार यथाक्रम घेतो.

त्यांची माझी ओळख आर. के. पुरमच्या कार्यालयातली. केंद्र सरकारच्या एका अनुवाद विभागाचा मी प्रमुख होतो आणि त्या माझ्या हाताखाली अनुवादक होत्या. हाताखाली हा केवळ आस्थापनेचा शब्द. चष्म्याला काळी दोरी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत थर्मास आणि करोल बागेतून घासाघीस करून आणलेले भाजके शेंगदाणे, अशा त्या सकाळी येऊन बसत. कुणी अनुवाद दाखवायला नेला, की कागद हातात घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारीत: "मूळ पाहिलंत का?" हा प्रश्न त्या शिपायापासून सहसचिवांपर्यंत कुणालाही विचारीत. एकदा विभागातल्या कुणीतरी सांगितले, की अमक्याची बायको फार भांडखोर आहे. बाईंनी मान वर न करता विचारले, "मूळ पाहिलंत का?"

एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या इंग्रजी टिपणीत एक वाक्य निव्वळ अडाणीपणाचे होते. मी हिंदीत ते सावरून घेतले. अनुवाद पुन्हा बाईंच्या टेबलावर गेला आणि त्या तो घेऊन थेट माझ्या खोलीत आल्या.

"साहेब, हे वाक्य शहाणं कसं झालं?"

"मी केलं. हसं झालं असतं त्यांचं."

"त्यांचं हसं ही त्यांची मिळकत आहे. तुम्ही कोण ती जप्त करणार?"

मी आजही म्हणतो, की माझेच बरोबर होते. विभागाची अब्रू राखणे हे प्रमुखाचे काम. पण बाईंचा सिद्धान्त इथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे: अनुवादकाने मुळाचे दागिने वाढवायचे नाहीत आणि डागही पुसायचे नाहीत.

मी निवृत्त झालो, मागोमाग त्याही झाल्या. सरकारी क्वार्टर्स सोडून आम्ही द्वारकेला आलो तेव्हा इथे इमारती जास्त आणि झाडे कमी होती. पाणी टँकरने येई, पण केबल मात्र पाण्याच्या आधी आली होती. वाहिन्यांवर वाहिन्या निघत होत्या, त्यांना दिवसभर काहीतरी दाखवायचे होते आणि ते सगळे हिंदीत बोलायला हवे होते. नोएडात डबिंगचे स्टुडिओ निघाले. कुणाच्या तरी ओळखीने बाई तिथे गेल्या आणि साठी उलटलेल्या या विधवा राजपत्रित बाईंच्या हाती एक जपानी मालिका पडली. इंग्रजी संहितेवरून हिंदी संवाद लिहायचे आणि ते पडद्यावरच्या तोंडांत बसवायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी जे केले ते केवळ आमच्या खात्यातला माणूसच करू शकतो. राक्षसांचा राजा नायिकेला धमकी देतो. बाईंनी लिहिले: "आपको एतद्द्वारा सूचित किया जाता है कि यदि आप निर्धारित अवधि में यह क्षेत्र रिक्त नहीं करतीं, तो आपके विरुद्ध यथोचित कार्रवाई की जाएगी।" राक्षसाला आवाज देणारा कलावंत 'रिक्त'पाशी धापा टाकू लागला. बत्रा नावाचा तरुण दिग्दर्शक काचेपलीकडून म्हणाला, "मैडम, राक्षस का मुँह दो बार खुला है। आपने पूरा परिपत्र डाल दिया।"

"राजा है। राजा बिना परिपत्र के बोलेगा?"

"मैडम, ये राजा सीधा खा जाता है।"

हा प्रसंग बाईंनी मला स्वतः सांगितला, हसून. त्यानंतर त्या तोंडे पाहायला शिकल्या. चार्टर्ड बसमध्ये, लग्नात, मंडळाच्या व्याख्यानात त्या बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून पाहत आणि पदराआड बोटांवर अक्षरे मोजत. मला एकदा म्हणाल्या, "साहेब, वाक्य संपलं तरी तुमचं तोंड उघडंच राहतं. तुमचं डबिंग फार अवघड जाईल." एतद्द्वारा मात्र वाया गेला नाही. मालिकेत पाताळाच्या दारावर एक कारकून राक्षस आहे, मेलेल्यांना रांगेत उभे करणारा. त्याच्या तोंडी बाईंनी अस्सल सरकारी हिंदी घातली. आमच्या जिन्यातली कार्टी महिनाभर एकमेकांना बॅट न देता म्हणत होती, "आपका आवेदन विचाराधीन है।"

आता कार्यवाहांच्या विधानाकडे येतो. ती मालिका सुमार होती काय? वाहिनीने तिला जे भडक हिंदी नाव दिले होते ते मी लिहीत नाही, कारण बाई ते उच्चारीत नसत. त्या तिला 'आपली काळोखी' म्हणत. सूर्य चोरीला गेलेला एक देश आहे. नाओ नावाची मुलगी आणि तिचा थोरला भाऊ रेन तो सूर्य परत आणायला निघतात आणि वाटेत राक्षस भेटत जातात. मी ती पाहिली आहे, प्रथम बाईंशी भांडता यावे म्हणून आणि नंतर पाहावीशी वाटली म्हणून.

तिचे दोष बाईंना तोंडपाठ होते आणि मी विचारण्याआधीच त्या ते सांगत. "प्रत्येक जण तलवार उपसण्याआधी तिचं नाव ओरडतो. शत्रू तोवर उभा राहून ऐकतो, हे काय संमेलन आहे? एकच आठवण पुन्हा पुन्हा दाखवतात, पैसे वाचवायला. राक्षसिणींना अंगभर कपडा द्यायला कुणाच्या जिवावर येतं कोण जाणे. आणि तो बोलका बेडूक! विनोद म्हणून आणलाय, पण त्याला बघून मला आपल्या मंडळाचं गॅदरिंग आठवतं."

"मग सोडा की हे काम."

"का सोडू? राक्षस मरायला टेकला की ती पोर काय करते पाहिलंत? टाळ्या नाहीत, आरोळ्या नाहीत. जवळ बसते आणि त्याला त्याचं नाव विचारते. तो सांगतो, तेव्हा कळतं की हासुद्धा कधी कुणाचा तरी मुलगा होता. आणि भूक बघा. इथे सगळ्यांना भूक लागते. आपल्या गोष्टींतले वीर जेवतात कधी हो? आणि काळोख खरा आहे, साहेब. मुलांना फसवायला मधेच निळा रंग फासलेला नाही."

गुण आणि दोष त्या एकाच दमात, एकाच आवाजात सांगत. कार्यवाहमहाशय, बाईंनी त्या मालिकेला कणभरही उंची दिली नाही. बत्राने आर्जव केले, की बेडकाचे विनोद जरा बरे करा. बाई म्हणाल्या, "मूल में जितना बुरा है, उतना ही बुरा रहेगा।" ज्या गोष्टीसाठी त्या आयुष्यभर भांडल्या तिच्या नेमके उलट श्रेय तुम्ही त्यांच्या पदरात टाकलेत, आणि तेही त्या उत्तर देऊ शकत नसताना.

आता ते वाक्य.

मालिकेच्या मध्यावर रेन एका पुलावर मागे राहतो आणि पूल कोसळतो. पुढच्या भागात नाओ एका म्हातारीच्या खानावळीत पोचते. म्हातारी दोन पाने मांडते. इंग्रजी संहितेत तिचे वाक्य असे होते, की रेन लांबच्या प्रवासाला गेला आहे, बर्फ वितळेपर्यंत परत येईल. बाईंनी ते हिंदीत बसवलेही. पण तोंडे पाहता पाहता त्यांना चित्र पाहायची सवय लागली होती. त्या रात्री त्यांनी मला चहाला बोलावले आणि टेप लावून पडद्यावर बोट ठेवले.

"हे बघा. नाओचा वाडगा आणि रेनचा वाडगा. फरक सांगा."

मला दिसला नाही. मी चष्मा पुसला.

"आजवर सगळ्या भागांत जेवायच्या काड्या आडव्या ठेवल्यात. इथे रेनच्या भातात त्या उभ्या रोवल्यात. आणि भात कसा वाढलाय? आपण पिंड ठेवतो तसा. साहेब, हे पान जेवणाऱ्याचं नाही. हे गेलेल्याचं पान आहे. चित्र एक सांगतंय आणि संहिता दुसरं. कुणीतरी मधे खोटं बोललंय."

"बोलू दे. लहान मुलांची मालिका आहे."

बाईंनी टेप मागे घेऊन तोच वाडगा पुन्हा दाखवला. मला मृणाल आठवली.

मृणाल ही त्यांची एकुलती मुलगी. सबनीस गेले तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. ते दौऱ्यावर असतानाच परगावी वारले. वडीलधाऱ्यांनी ठरवले, की पोरीला इतक्यात सांगायचे नाही, आणि बाई त्या दिवसांत कशालाच नाही म्हणण्याच्या अवस्थेत नव्हत्या. पोरीला सांगितले गेले, बाबा टूरवर आहेत. ती आपल्या ताटातले अर्धे वडिलांसाठी काढून ठेवी, श्रीखंड असो की साधी पोळी. आर. के. पुरमच्या क्वार्टर्सच्या जिन्यात ही गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. पुढे खेळताना भांडण झाले आणि एका मुलीने तिला खरे काय ते ऐकवले. मृणाल घरी आली, रडली नाही. आईला एवढेच म्हणाली, "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

त्या दिवसापासून दोघींच्या मध्ये एक सभ्य अंतर पडले आणि ते वाढत्या वयाबरोबर वाढले. मृणाल शिकली, गुडगावच्या एका मोठ्या कंपनीत लागली, तिथेच राहू लागली. महिन्यातून एकदा येई, औषधे, फळे आणून देई, आणि जेवणाच्या आधी निघे. मला वाटते, त्या घरात ती नंतर कधी पोटभर जेवलीच नाही.

बाईंनी त्या आठवड्यात मुलीला फोन केला. आजारपण सोडून दुसऱ्या कामासाठी केलेला तो पहिला फोन असावा. मृणालच्या कंपनीत जपानी साहेब होते, त्यांतल्या एकाच्या पत्नीला भेटता येईल का, एवढेच विचारले. मृणाल येऊन आईला घेऊन गेली. गुडगावच्या त्या उंच इमारतीत काय झाले ते मृणालने मला सांगितले, बाईंनी नाही. जपानी आवाजातला तो प्रसंग साहेबांच्या पत्नींनी दोनदा पाहिला. मग मृणालला इंग्रजीत म्हणाल्या, की प्रवासाचा उल्लेख यात कुठेच नाही. म्हातारी म्हणते, तो आता येणार नाही. तू जेव, भात निवतोय.

मृणालने ते आईला मराठीत सांगितले. आपल्या आईला, आपल्या तोंडाने. मी त्यात आणखी काही घालणार नाही.

बाईंनी नवे वाक्य लिहिले: "वह अब नहीं आएगा। तू खा ले, चावल ठंडे हो रहे हैं।" ते म्हातारीच्या तोंडात नेमके बसत होते, आणि बसणारच, ते तिचेच होते. बत्रा हादरला.

"मैडम, शाम पाँच बजे का स्लॉट है। बच्चे रोएँगे, माँएँ फ़ोन करेंगी।"

"रोएँगे तो रोएँ। इंतज़ार करते रहने से रो लेना अच्छा है।"

"चैनल नहीं मानेगा।"

इथे अध्यक्षमहाशयांनी कान उघडे ठेवावेत. बाईंनी आदळआपट केली नाही, राजीनामा फेकला नाही. त्यांनी सरकारी माणूस करतो तेच केले. दोन्ही वाक्ये ध्वनिमुद्रित करवून घेतली आणि वाहिनीकडे मंजुरीला पाठवली, पर्याय एक आणि पर्याय दोन. पर्याय एकसमोर 'मुळानुसार' असे लिहिले आणि सहीची जागा नेमकी त्याच ओळीत सोडली. पर्याय दोनची टेप होती, पण ती ऐकण्यासाठी वेगळे पत्र पाठवावे लागेल अशी तळटीप. तीस वर्षे फाइली हलवलेल्या माणसाला ठाऊक असते, की वरचा अधिकारी जिथे जागा सुटली असेल तिथे सही करतो. वाहिनीतल्या मुलानेही केली. हा डाव बाईंना मी शिकवला होता. शोकसभेत याचा उल्लेख कुणीही केला नाही.

काम गेले हे तर धादांत असत्य. बत्राने त्यांना पुढे आणखी मालिका दिल्या आणि काही वर्षांनी मेट्रो नोएडापर्यंत गेली, तेव्हा बाई ज्येष्ठ नागरिकांच्या आसनावर बसून ओठ मोजत स्टुडिओत जात होत्या.

तो भाग लागला त्या दिवशी मी बाईंच्या घरी होतो. माझा टीव्ही बिघडला होता, असे मी सांगितले होते. पाचच्या सुमारास मृणाल आली, ऑफिस अर्धे टाकून, आणि आईपासून जरा दूर खुर्चीवर बसली. पडद्यावर म्हातारीने भात वाढला, काड्या रोवल्या, वाक्य बोलली. नाओ बराच वेळ त्या वाडग्याकडे पाहते. मग आपला वाडगा उचलते आणि रडत रडत, भराभर, भुकेल्या पोरीसारखी जेवते. तिथे संगीत नाही. ती जागा त्या मालिकेतली सर्वांत थोर आहे, हे माझे मत आहे आणि ते मी कुणाशीही भांडून सिद्ध करीन.

जाहिराती लागल्या. मृणाल म्हणाली, "आई, जेवायला काय आहे?"

"आमटी-भात. सकाळचा."

"चालेल. वाढ."

बाई उठल्या. त्यांना पातेल्याचे झाकण चटकन सापडेना. मी टीव्ही दुरुस्त झाला का ते पाहायला घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी जिन्यात खरोखरच तक्रारी झाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, मुलगी झोपली नाही, असले काय दाखवतात. ती मुलगीच तेवढ्यात पुढे आली आणि तिने सबनीसबाईंना अडवले.

"आंटी, वो सच में नहीं आएगा?"

"नहीं।"

"लास्ट एपिसोड में भी नहीं?"

"उसमें भी नहीं।"

मुलीने विचार केला. "तो उसका चावल किसने खाया?"

"यह तो दिखाया नहीं। तू होती तो क्या करती?"

"मैं आधा खाती। आधा चिड़िया को।"

"अच्छा है," बाई म्हणाल्या. "अब रास्ता छोड़, दूध लाना है।" मुलगी उड्या मारत खाली खेळायला गेली. याला लळा म्हणायचे असेल तर म्हणा. मी याला मान म्हणतो. माणूस कितीही छोटा असला तरी त्याला मूळ दाखवायचे, एवढाच तो होता.

बाईंना मी शेवटचे पाहिले ते द्वारकेच्या मेट्रो स्थानकावर. त्या मृणालकडे गुडगावला कायमच्या राहायला चालल्या होत्या. सामान पुढे गेले होते, मागे उरल्या होत्या त्या, पिशवी आणि थर्मास. मी पोचवायला गेलो आणि सवयीने भांडण काढले. म्हटले, "तुमच्या काळोखीचा शेवट मला अजून पटलेला नाही. सूर्य असा घाईघाईत परत आणतात होय? मेलेले दोन राक्षस परत आले, त्याचा खुलासाही नाही."

"शेवट वाईटच आहे. तुम्हाला आवडला असता तर मला तुमची काळजी वाटली असती."

"मग इतक्या दोषांच्या गोष्टीसाठी एवढं भांडलात कशाला?"

गाडी आली. बाई आत चढल्या, वळल्या, हसल्या आणि उत्तर देऊ लागल्या. तेवढ्यात दारे मिटली. काचेपलीकडे त्यांचे ओठ हलत होते, हात हलत होता, चष्मा दोरीवर झुलत होता. मला ऐकू येत नाही हे त्यांच्या लक्षात आले असावे, पण त्या थांबल्या नाहीत, उत्तर पूर्ण केले. शेजारी बसलेली एक मुलगी ते ऐकून मोठ्याने हसली आणि सरकून तिने बाईंना जागा दिली. गाडी सुटली.

त्या ओठांवर आता ज्याला जे हवे ते वाक्य बसवणे चालू आहे. कार्यवाहांनी एक बसवले, अध्यक्षांनी दुसरे. मलाही दोन-तीन सुचली, आणि त्यांतले एक तर इतके नेमके बसते, की शोकसभेत टाळ्या पडल्या असत्या. ते मी लिहिणार नाही. मूळ मी पाहिले आहे. ऐकलेले नाही.